नवी कोरी लिव्हर-अ‍ॅक्शन रायफल, आणि साइट वाकडी! फॉर्मवर सही करायच्या आधी हे बघा

आधी सांगतो, रायफल रिकामी आहे, चेंबर बघितलंय, गोळ्या भरायच्या झडपेतून, म्हणजे लोडिंग गेटमधून, बोट घालून नळीखालची गोळ्यांची ट्यूबपण बघितलीये, दोनदा. आता कॅमेरा जरा जवळ घेतो. दिसतंय? नळीच्या टोकाला नेम धरायचा काटा असतो ना, फ्रंट साइट, तो बघा कसा डावीकडे कललाय. सव्वानऊशे डॉलर मोजून घेतलेली नवी कोरी ३०-३० (म्हणजे त्या मापाच्या गोळीची रायफल), आणि काटा असा, जसा काही तोच दोन पेग मारून आलाय. रेंजवर गोळ्या सगळ्या उजवीकडे जात होत्या, मला वाटलं आपलाच हात हलतोय, म्हणून मागची साइट सरकवत सरकवत पार डाव्या कडेला नेली, तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

आणि हे लिव्हर, ट्रिगरपाशी असलेली ही कडी, खाली-वर केली की पुढची गोळी, म्हणजे राउंड, चेंबरमध्ये जातं. आतली कड बघा, पत्रा कापल्यासारखी. वीस राउंड मारले आणि बोटाच्या सांध्यावरची साल निघाली, घरी आल्यावर बायको म्हणाली शिकार कोणी कोणाची केली? लाकूड आणि लोखंड जिथे भेटतं तिथे फट इतकी की क्रेडिट कार्ड आत जातंय, हे घ्या, गेलं.

कंपनीचं नाव घेत नाही. पण लिव्हर-अ‍ॅक्शनमध्ये हे जुनं दुखणं आहे. अमेरिकेत मार्लिन या जुन्या लिव्हर-अ‍ॅक्शनवाल्या कंपनीचा किस्सा सगळ्यांना पाठ आहे (माझी मार्लिन नाहीये, आधीच सांगतो). २००७ च्या शेवटी रेमिंग्टन या दुसऱ्या बंदूक कंपनीने मार्लिन घ्यायचं ठरवलं, मग कनेटिकटमधला नॉर्थ हेवनचा कारखाना बंद करून काम न्यूयॉर्कमधल्या इलियनला नेलं, आणि त्या सुरुवातीच्या मालाला लोक अजून ‘रेमलिन’ म्हणून हिणवतात. मशीन ट्रकमध्ये भरून नेता येतं हो, पण तीस वर्षं पार्ट हाताने घासून बसवणाऱ्या माणसाचा हात कसा नेणार? म्हणून आजही लोक जुनी मार्लिन घेताना नळीवर ‘जेएम’ हा रेमिंग्टनच्या आधीच्या मालावरचा छाप आहे का ते शोधतात. २०२० मध्ये रेमिंग्टनचं दिवाळं निघालं, रुगर या बंदूक कंपनीने मार्लिन घेतली, आणि २०२१ च्या डिसेंबरमध्ये नॉर्थ कॅरोलिनातून पहिल्या रायफली बाहेर पडल्या. लोक म्हणतात बऱ्याच सुधारल्यात.

आता मुद्द्याचं. तुमच्या हातात खरी ताकद कधी असते, तर काउंटरवर, ४४७३ फॉर्म, म्हणजे दुकानातून बंदूक घेताना भरायचा सरकारी फॉर्म, भरायच्या आधी. एकदा रायफल तुमच्या नावावर झाली की दुकानदाराच्या दृष्टीने ती वापरलेली, बहुतेक जण परत घेत नाहीत. त्यामुळे लाजू नका, पाच मिनिटं मागा. दस्ता खांद्याला न लावता नुसतं मागून नळीच्या रेषेत बघा, दोन्ही साइट सरळ उभ्या आहेत का. नळीच्या तोंडाशी ओरखडा आहे का. स्क्रूची खाच आधीच झिजलेली असेल तर समजा कारखान्यातच कोणीतरी कुस्ती खेळलाय. आणि परवानगी घेऊन डमी राउंड, म्हणजे बार नसलेल्या खोट्या गोळ्या, भरून लिव्हर चालवा, हळू नाही, दाबून, पूर्ण. माझ्या रायफलमध्ये दुसरं राउंड अर्ध्यात अडकायचं, लिव्हर ना पुढे ना मागे, कारण राउंड वर उचलणारी पट्टी, तो कॅरियर, लिव्हरच्या आधीच उठत होता.

घेऊन बसलाच असाल तर एकच विनंती, कानस हातात घेऊ नका. यूट्यूब बघून घासायला बसलात की वॉरंटी संपली आणि कॅरियरपण संपला. फोटो काढा, अडकतानाचा व्हिडिओ काढा, सीरियल नंबर घ्या, कंपनीला फोन करा. कुरियरचं लेबल त्यांच्याकडूनच मागा, बहुतेक देतात. दुरुस्तीसाठी रायफल थेट कारखान्यात पाठवता येते आणि परत थेट तुमच्या घरी येऊ शकते, फेडरल कायद्यात ते चालतं, राज्याचे नियम तेवढे बघून घ्या.

आपली मंडळी नेहमी विचारतात म्हणून, एच-वन-बीवर साधारणपणे बंदूक बाळगता येत नाही, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून. ग्रीन कार्डवर येते. यात ‘बघू, चालतंय’ करू नका, फेडरल गुन्हा आहे.

माझी पाच आठवड्यांनी परत आली. साइट सरळ, कॅरियर नवा, अडकत नाही. लिव्हरची कड मात्र जशीच्या तशी, कागदावर लिहिलंय ‘स्पेसिफिकेशनप्रमाणे’. म्हणून ही चामड्याची पट्टी गुंडाळलीये. पंधरा डॉलर, माझ्याच खिशातून.