शिरगणतीच्या वेळी गावात होतं कोण?

(दृश्य : एसटीचा थांबा, पारावर बसलेली चार म्हातारी माणसं.)

लहान गावाची लोकसंख्या शोधायला गेलं, की हाती लागते एक ओळ. घरं, माणसं, पुरुष, स्त्रिया, सहा वर्षांपर्यंतची मुलं, साक्षर, काम करणारे. ही ओळ २०११ सालची. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, त्यामुळे गावाचा अधिकृत आकडा अजून तोच धरतात. तेव्हा पाळण्यात असलेलं पोर आता दहावीच्या वयाला आलंय.

आकडा १ मार्च २०११ च्या मध्यरात्रीचा. प्रगणक, म्हणजे माणसं मोजणारे, घरोघर फिरले ते ९ ते २८ फेब्रुवारी. आता हा महिना बीडकडच्या माणसाला सांगून बघा. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली जोडपी तेव्हा कोयते घेऊन ऊसतोडीला गेलेली असतात. पट्टा पडेपर्यंत, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपेपर्यंत, परत यायचं नाही. गावात उरतात म्हातारे आणि त्यांच्या भरवशावर ठेवलेली शाळेची पोरं. नियम असा, की मोजणीचे वीसही दिवस जो घराबाहेर असेल, त्याची नोंद तो सापडेल तिथे. म्हणजे रेशनकार्ड बीडचं, मत बीडचं, आणि डोकं मोजायचं कोल्हापूरकडच्या एखाद्या कोपीत, ऊसतोड्यांच्या झोपडीत.

(दृश्य : कोकणातली वाडी, कुलूपबंद घरं.)

कोकणातली माणसं हंगामापुरती जात नाहीत. रत्नागिरी जिल्ह्यात २००१ साली सुमारे १६ लाख ९७ हजार लोक होते, २०११ साली १६ लाख १५ हजार. देश वाढत होता, जिल्हा घटला. हजार पुरुषांमागे स्त्रिया ११२२, राज्यात ९२९. यावरून तिथे मुलींचं फार कौतुक आहे असं समजू नका. पुरुष मुंबईला आहेत. चाकरमानी गणपतीला येतो, आणि जनगणना काही गणपतीत होत नाही.

मुलींचं खरं कळतं ते सहा वर्षांपर्यंतच्या रकान्यात. त्या वयात कुणी एकटं नोकरीला जात नाही. मात्र लहान गावात तो रकाना जपून वाचावा. समजा, चाळीस पोरं आहेत. बावीस मुलगे, अठरा मुली. हजार मुलग्यांमागे मुलींचं प्रमाण निघतं ८१८. त्यातल्या दोन मुलग्यांच्या जागी मुली असत्या, तर थेट १०००. एवढ्यावरून गावावर शिक्का मारता येत नाही. बीड जिल्ह्याचा आकडा मात्र २००१ मध्ये ८९४ होता, तो २०११ मध्ये ८०७ वर आला. लाखो मुलांत असं आपोआप होत नाही. त्यामागे सोनोग्राफीची खोली असते.

कामाच्या रकान्याबद्दल एवढंच : वर्षात सहा महिन्यांहून कमी काम केलं, तर नोंद 'सीमांतिक'. खुरपणीला जाऊन आलेली, गुरांचं सगळं बघणारी बाई मात्र विचारलं की म्हणते, "मी घरीच असते."

पुढची मोजणी १ मार्च २०२७ ची, जातीच्या नोंदीसह. घरोघरची फेरी पुन्हा फेब्रुवारीत, ऐन ऊसतोडीत. गावाला काय मिळणार, तेही याच आकड्यावर ठरतं. आरोग्य उपकेंद्र द्यायचं तर सपाटीवर ५,००० आणि डोंगरी भागात ३,००० लोकसंख्येचा निकष लागतो. पंधराव्या वित्त आयोगानेही ग्रामपंचायतींचा निधी राज्यांत वाटताना ९० टक्के भार लोकसंख्येलाच दिला. तेव्हा कोयत्यावर गेलेल्यांनी तळावर प्रगणक येणार का, हे मुकादमाला आधीच विचारून ठेवावं. तिथेही राहून गेलं, तर ते कुटुंब कुठल्याच गावात धरलं जाणार नाही.