नाव एक, पेट्या दोन : बीएआरची गोष्ट

टेबलावर दोन रायफली. डावीकडची १९१८ सालची. रिकामीच सात किलोंच्या वर भरते. उजवीकडची शिकारीची, निम्म्या वजनाची. दोघींचं नाव ब्राउनिंग ऑटोमॅटिक रायफल, म्हणजे बीएआर. दोघींत काडतूसही तेच, थर्टी-ऑट-सिक्स. घोटाळा इथूनच सुरू होतो.

आधी लष्करी बीएआर. जॉन ब्राउनिंग यांनी ती पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी घडवली. चालता चालता मारा करत सैनिकाने शत्रूच्या खंदकापर्यंत पोचावं, ही कल्पना. पोटाखाली लटकलेली ती पोलादी पेटी, म्हणजे मॅगझीन, पाहा. आत २० काडतुसं, एकाआड एक अशा दोन रांगांत. नुसत्या काडतुसांचंच वजन अर्धा किलो. मिनिटाला ५५० गोळ्यांचा वेग धरला, तर चाप दाबून ठेवल्यावर सव्वादोन सेकंदांत पेटी रिकामी. पुढे हिच्याकडून हलक्या मशीनगनचं काम घ्यायला लागले, तेव्हा २० कमीच पडू लागली. पेटी लांब करावी, तर पालथं पडून नेम धरताना ती जमिनीला टेकते. ब्रिटिशांच्या ‘ब्रेन’ या हलक्या मशीनगनमध्ये पेटी वरून बसते, तिला हा त्रास नाही.

आता उजवीकडची. १९६७ साली बाजारात आली. जॉन यांचे नातू ब्रूस ब्राउनिंग यांच्या काळातली, बेल्जियमच्या एफएन कारखान्यात तयार झालेली. आजोबांच्या रायफलीचे सुटे भाग हिला चालत नाहीत. तिथे चाप ओढेपर्यंत बोल्ट, म्हणजे काडतूस नळीत ढकलणारा पोलादी ठोकळा, मागे उघडा थांबतो. इथे तो मिटलेला असतो आणि त्याचं डोकं फिरून सात दातांनी कुलूपबंद होतं. नावातल्या ‘ऑटोमॅटिक’चा अर्थ इथे एवढाच, की पुढचं काडतूस आपोआप चढतं. चाप एकदा ओढला की गोळी एकच.

कॅमेरा जवळ नेऊ. चापाच्या कड्यापुढची खिटी दाबली की तळाची झडप बिजागरीवर खाली झुलते, मॅगझीन तिलाच अडकवलेलं. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला जागा नाही. चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी आधीच चढवलेलं, धरून पाच. मॅग्नम, म्हणजे जास्त ताकदीच्या, काडतुसाच्या बुडाशी जाड पट्टा असतो. बारा मिलिमीटरच्या जागी साडेतेरा. त्यामुळे तिथे तीनच मावतात. पेटी दस्त्याच्या बाहेर येत नाही, हे मुद्दाम. शिकारी रायफल घेऊन तासन्‌तास चालतो, तेव्हा त्याची मूठ नेमकी तिथेच असते.

बिघाडही बहुधा इथलाच. झडप पुरती बसली नाही, की पेटी केसभर खाली राहते. पुढे येणारा बोल्ट काडतुसाचं बूड पकडायचं सोडून वरून निघून जातो. चेंबर रिकामंच, चाप ओढला की नुसती टिचकी. पेटीचे ओठ, म्हणजे काडतूस धरून ठेवणाऱ्या वरच्या कडा, वाकले असतील, तर काडतूस तिरपं चढतं आणि टोक चेंबरच्या कडेला अडतं. म्हणून भरताना प्रत्येक काडतूस पेटीच्या मागच्या भिंतीला टेकलंय ना, ते बोटाने चाचपायचं.

कायदा नाव बघत नाही, पेटी मोजतो. जर्मनीत शिकारीच्या अर्ध-स्वयंचलित रायफलीत चेंबर धरून तीन काडतुसं. कॅनडात अशा सेंटरफायर (बुडाच्या मधोमध ठिणगी पडणाऱ्या काडतुसांच्या) रायफलींच्या मॅगझीनला मर्यादा पाचाची. अमेरिकेत दहाहून मोठ्या नव्या पेट्यांवर १९९४ ते २००४ केंद्रीय बंदी होती. नंतर ज्या त्या राज्याचा नियम. शिकारी बीएआरच्या एका अलीकडच्या आवृत्तीला दहाची, बाहेर डोकावणारी पेटीही मिळते, हेही खरं. आणि १९३० च्या दशकात अमेरिकी दरोडेखोर क्लाइड बॅरोने नॅशनल गार्ड या राखीव सैन्याच्या शस्त्रागारांतून चोरली, ती वीसवाली.

झडप वर. अंगठ्याने दाब. खिटी टक्‌ अशी वाजली, म्हणजे बसली.