एक लांब साखळी, दोन कात्र्या

मंडळी, एकाच लांब प्रथिनाचे तुकडे करून शरीर वेगवेगळी संप्रेरकं कशी बनवतं, ते आज सांगतो. सुरुवात उंटापासून करतो. चो हाओ ली नावाचे रसायनशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्यूटरी ग्रंथीवर काम करत. मेंढीच्या पिट्यूटरीतून त्यांनी ९१ अमायनो आम्लांचं (म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या ९१ कड्यांचं) एक प्रथिन वेगळं केलं होतं, बीटा-लिपोट्रोपिन. उंटाच्या पिट्यूटरीत मात्र त्यांच्या हाती लागला या साखळीच्या शेवटचा, ३१ अमायनो आम्लांचा तुकडा. तो मॉर्फीनसारखा काम करतो, हे १९७६ मध्ये प्रसिद्ध झालं. आज त्याला बीटा-एंडॉर्फिन म्हणतात.

मग हे लिपोट्रोपिन तरी कशाचा तुकडा? उत्तर १९७९ मध्ये जपानमधून आलं. नाकानिशी, नुमा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाईच्या पिट्यूटरीत हे प्रथिन बनवण्याचा जनुकीय संदेश वाचला, तेव्हा एकाच लांब साखळीत एंडॉर्फिन होतं, मूत्रपिंडावरच्या अॅड्रिनल ग्रंथींना कामाला लावणारं एसीटीएच हे संप्रेरक होतं आणि त्वचेचा रंग गडद करणारं एमएसएचही होतं. या साखळीचं नाव प्रोओपिओमेलॅनोकॉर्टिन. आपण तिला पीओएमसी म्हणू.

उसाचं कांडं तोडताना आपण कोयता कुठे घालतो, आठवा. पीओएमसीतही ठरावीक जागी अशी पेरं असतात. तिथे लायसिन आणि आर्जिनिन ही अमायनो आम्लं जोडीनं शेजारी बसलेली असतात. पेशीतली कात्री, म्हणजे एन्झाइम, तिथेच चालते. साखळी गॉल्जीतून, म्हणजे पेशीतल्या बांधणी विभागातून, पुढे सरकून स्रावाच्या पिशवीत शिरते, पिशवी आतून आम्लधर्मी होत जाते आणि कापाकापी सुरू होते. जोडीचे उरलेले अवशेष दुसरं एन्झाइम खुडून काढतं. टोकाला बारीक रासायनिक बदल होतात. पिशवी पेशीच्या कडेला जाऊन उघडेपर्यंत माल तयार असतो.

आता मला ज्याचं सगळ्यात अप्रूप वाटतं ते सांगतो. पिट्यूटरीच्या पुढच्या भागातल्या पेशींकडे मुख्यतः पीसी-१ नावाची एकच कात्री असते. म्हणून तिथे ३९ अमायनो आम्लांचं एसीटीएच अखंड बाहेर पडतं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमसच्या पेशींकडे पीसी-२ ही दुसरी कात्रीही असते. ती त्याच एसीटीएचला आणखी कापते आणि पहिल्या १३ अमायनो आम्लांपासून अल्फा-एमएसएच, म्हणजे एमएसएचचा एक प्रकार, तयार होतं. ते पोट भरल्याची जाणीव देतं. जनुक तेच, साखळी तीच. एका ठिकाणी ताणाशी सामना करणारं संप्रेरक, दुसऱ्या ठिकाणी भूक आवरणारं!

एसीटीएच आणि अल्फा-एमएसएच यांची पहिली १३ आम्लं सारखीच, ही गोष्ट डॉक्टरांना रुग्णाच्या तळहातावर दिसते. १८५५ मध्ये लंडनच्या थॉमस अॅडिसन यांनी ज्या रोगाचं वर्णन केलं, त्यात अॅड्रिनल ग्रंथी निकामी होतात. आपल्याकडे क्षयरोग हे त्याचं एक कारण आजही लक्षात ठेवावं लागतं. अॅड्रिनलमधून येणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक कमी पडलं की पिट्यूटरीवरचा लगाम सुटतो, एसीटीएचचा पूर येतो आणि ते त्वचेतल्या एमएसएचच्या ग्राहकावर, म्हणजे एमएसएच जिथे येऊन चिकटतं त्या जागेवर, जाऊन बसतं. तळहाताच्या रेषा, हिरड्या, जुने व्रण काळवंडतात. सावळ्या त्वचेवर हे सहज नजरेतून निसटतं, म्हणून तोंड उघडून हिरड्या पाहाच, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. पिट्यूटरीच बिघडली असेल, तर कॉर्टिसॉल कमी होऊनही हा काळेपणा येत नाही.

१९९८ मध्ये जर्मन संशोधकांनी दोन मुलांची हकिकत मांडली. त्यांच्यात पीओएमसीचं जनुकच बिघडलेलं होतं. केस लाल, भूक अनावर, वजन अगदी लहानपणापासून वाढलेलं आणि अॅड्रिनल निस्तेज. एका साखळीची तिन्ही कामं एकदम बंद पडली होती.

त्याच्या आदल्या वर्षी ब्रिटनमधल्या एका स्त्रीचं निदान झालं होतं. तिला बालपणापासून लठ्ठपणा होता. तिच्यात दोष निघाला पीसी-१ या कात्रीच्या जनुकात. साखळी तयार होत होती, पण नीट कापली जात नव्हती. हीच कात्री स्वादुपिंडातही लागते. म्हणून तिच्या रक्तात इन्सुलिन फारच कमी होतं आणि प्रोइन्सुलिन, म्हणजे इन्सुलिनची न कापलेली साखळी, भरपूर साचलेलं होतं.