एक खटला, पाच दप्तरं

मित्रहो, विषय रुक्ष आहे आणि तो रुक्षच राहू द्यावा असं मला वाटतं. आपल्या, म्हणजे राज्याच्या बाजूने खटले चालवणाऱ्या सरकारी अभियोक्त्यांच्या, कार्यालयांत खटल्यांच्या व्यवस्थापनाचं सामायिक सॉफ्टवेअर येतंय, बऱ्याच ठिकाणी आलंय. ते खरंच कामाला लागतं की साहेबांच्या भेटीपुरतं उघडलं जातं, हे कशावर ठरतं, एवढंच मी आज बोलणार आहे.

एका फौजदारी खटल्याला नंबर किती असतात ते बघा. पोलीस ठाण्यात गुन्हा रजिस्टर नंबर. दोषारोपपत्र दंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात दाखल झालं की आरसीसी (नियमित फौजदारी खटला) नंबर. खटला सेशन कोर्टाकडे सोपवला, म्हणजे कमिट झाला, की सेशन केस नंबर. न्यायालयांच्या ई-कोर्ट्स प्रणालीतला 16 अक्षर-अंकांचा सीएनआर हा खटल्याचा क्रमांक आणखी वेगळा. मुद्देमाल प्रयोगशाळेत गेला की तिथला नंबर, आरोपी कारागृहात गेला की तिथला. प्रत्येक दप्तर आपापल्या नंबराने खटला ओळखतं आणि दुसऱ्याचा नंबर विचारला की रजिस्टर काढायला लावतं. ही पाच दप्तरं, म्हणजे पोलीस, न्यायालय, कारागृह, न्यायवैद्यक प्रयोगशाळा आणि अभियोग, एकमेकांशी बोलावीत म्हणून केंद्राने आयसीजेएस ही यंत्रणा उभी केली. 2022 मध्ये तिच्या दुसऱ्या टप्प्याला 3,375 कोटी रुपये मंजूर झाले. पोलिसांचं गुन्हे-नोंदींचं जाळं, सीसीटीएनएस, 2009 मध्ये मंजूर झालेलं, न्यायालयांचं खटल्यांच्या माहितीचं सीआयएसही वर्षानुवर्षं चालू आहे. आपल्या वाट्याला राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचं ई-प्रॉसिक्युशन आलं. पाच भावंडांत आपण धाकटे, आणि धाकट्याला थोरल्यांचे कपडे अंगावर घालावे लागतात. पोलिसांच्या आणि न्यायालयाच्या गरजांवर बेतलेल्या रकान्यांत आपलं काम बसवायचं, ही आपली पहिली अडचण.

मग आपलं काम नेमकं कसं चालतं? सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवसाच्या खटल्यांची यादी, येतो. पैरवी हवालदार, म्हणजे पोलिसांच्या बाजूने कोर्टाचं काम पाहणारा, बस्ता (खटल्याच्या कागदांचं गाठोडं) घेऊन उभा असतो. एका बाजूला जामीन अर्जावर ‘से’ (आपलं लेखी म्हणणं) द्यायचा असतो आणि तपास अधिकाऱ्याचं म्हणणं अजून आलेलं नसतं. दुसरीकडे साक्षीदार हजर, पण पंचनाम्याची प्रत सापडत नाही. तिसऱ्या प्रकरणात समन्स बजावलंय की नाही हेच कळत नाही. सॉफ्टवेअरची परीक्षा याच अर्ध्या तासात होते. उद्याचा बोर्ड आदल्या संध्याकाळी आपोआप समोर आला, प्रत्येक प्रकरणापुढे कोणता साक्षीदार आहे, समन्सची बजावणी झाली का, रासायनिक विश्लेषणाचा अहवाल आला का, हे दिसलं, तर सरकारी वकील ते स्वतःहून उघडेल. त्याला परिपत्रक लागणार नाही. आणि ते उघडल्यावर आधी मासिक विवरणपत्राचा फॉर्म दिसला, तर तो पासवर्ड कारकुनाला देऊन मोकळा होईल. हे कसं होतं ते इथे बसलेल्या कोणालाही मी समजावून सांगायची गरज नाही.

मुदतींचा हिशेब मात्र यंत्राकडेच द्यावा. आरोपी कोठडीत असताना दोषारोपपत्राला 60 किंवा 90 दिवस. ते उलटले की आरोपीला जामिनाचा हक्क. आरोपी हजर झाल्यापासून 14 दिवसांत कागदपत्रांच्या प्रती. निर्दोष सुटकेविरुद्ध राज्याने करायच्या अपिलाला 90 दिवस. हा शेवटचा आकडा ऐकायला ऐसपैस वाटतो. पण निकालाची सही-शिक्क्याची प्रत, आपलं मत, वरचं मत, विभागाची मंजुरी अशी नस्ती (फाइल) फिरत राहते आणि शेवटी विलंब माफीच्या अर्जातच सगळी प्रतिभा खर्च होते. नस्ती कोणाच्या टेबलावर किती दिवस पडली हे दिसलं, एवढ्यानेही ती हलते.

आता एक बारीक गोष्ट, पण हिच्यात सगळं सॉफ्टवेअर बुडू शकतं. 1 जुलै 2024 पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले. जुन्या दंड संहितेत 302 म्हणजे खून. नव्या भारतीय न्याय संहितेत खुनाची शिक्षा 103 मध्ये गेली, आणि 302 हे कलम आता धार्मिक भावना दुखावण्याच्या हेतूने शब्द उच्चारण्याचं आहे. जुनं 304 सदोष मनुष्यवधाचं, नवं 304 झपटमारीचं. दोन्ही कायद्यांचे खटले पुढची कित्येक वर्षं एकाच बोर्डावर असणार. त्यात गुन्हा 1 जुलैआधीचा आणि फिर्याद नंतरची असेल, तर अपराध जुन्या संहितेतला आणि कार्यपद्धती नव्या संहितेतली, अशी तिसरी तऱ्हाही आहे. आता कार्यपद्धतीच्या नव्या कायद्याचं, म्हणजे नागरिक सुरक्षा संहितेचं, कलम 20 आठवा. दहा वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या, जन्मठेपेच्या आणि फाशीच्या प्रकरणांवर अभियोग संचालकाने लक्ष ठेवायचं, सात ते दहा वर्षांच्या प्रकरणांवर उपसंचालकाने, त्याखालच्यांवर सहायक संचालकाने. म्हणजे पर्यवेक्षणाची वाटणी कलमावरून होणार. नोंद करणाऱ्याने कायद्याच्या रकान्यात चुकीचं नाव निवडलं आणि नुसतं ‘302’ टाकलं, की खुनाचा खटला एक वर्षापर्यंतच्या शिक्षेच्या यादीत जाऊन बसतो. संचालकाच्या पडद्यावर तो दिसतच नाही. गुन्ह्याची तारीख घेऊन कायदा यंत्रानेच सुचवावा आणि विसंगती दिसली तर तिथल्या तिथे अडवावं, एवढं तरी आपण मागितलं पाहिजे.

महाराष्ट्रात यात आणखी एक पेच आहे. दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात काम करणारे सहायक सरकारी अभियोक्ते गृह विभागाच्या अभियोग संचालनालयाखाली येतात. सेशन कोर्टातले जिल्हा सरकारी वकील नेमतो विधी व न्याय विभाग. प्रकरण कमिट झालं की जिना चढून वरच्या मजल्यावर जातं, पण प्रशासनाच्या दृष्टीने ते एका विभागातून दुसऱ्यात गेलेलं असतं. खाली ज्याने रिमांडपासून प्रकरण पाहिलं, त्याची टिपणं वर पोचतात का? बहुधा नाहीत. सामायिक सॉफ्टवेअरचा खरा उपयोग मला इथे दिसतो. जिल्हा सरकारी वकिलाची मुदत संपली, नवा माणूस आला, तर त्याच्या हाती नुसता बस्ता न पडता प्रकरणाचा इतिहासही पडावा.

मघाशी एक चिठ्ठी आली आहे, तिच्यात विचारलंय: आम्ही लिहिलेलं मत पोलिसांना दिसणार का? हा प्रश्न मी शेवटी घेणार होतो, पण तोच सगळ्यांत महत्त्वाचा आहे.

1995 साली एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात खटले चालवणारे अभियोक्ते पोलीस खात्याच्या ताब्यात राहता कामा नयेत. तोवर ते पोलिसांच्याच पदरी होते. आज खुर्च्या वेगळ्या झाल्या आहेत. पण डेटाबेस एक झाला आणि कोणी काय पाहावं हे नीट ठरवलं नाही, तर जे न्यायालयाने दारातून बाहेर काढलं ते लॉगिनमधून परत आत येईल. दोषारोपपत्राची छाननी करताना मी लिहितो की ओळख परेड संशयास्पद आहे, पंच नेहमीचे आहेत, जप्तीच्या वेळा जुळत नाहीत. हे मी तपास अधिकाऱ्याला त्रुटी म्हणून कळवीन, तेवढं त्याला दिसलंच पाहिजे. पण हा साक्षीदार उलटतपासात टिकणार नाही, खटला मागे घेण्याचा विचार करावा, हे माझं स्वतःचं टिपण आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 360 खाली खटला मागे घेण्याचा निर्णय सरकारी अभियोक्त्याने स्वतःच्या विवेकाने घ्यायचा असतो. पोलीस अधीक्षक ते टिपण वाचतोय अशी नुसती शंका आली, तरी माणूस लिहायचं बंद करतो, किंवा सगळ्यांना आवडेल असं लिहितो. तेव्हा दोन खण हवेत. एक सामायिक: कागद, तारखा, त्रुटी, पूर्तता. दुसरा फक्त अभियोगाचा, ज्यात पोलिसांना प्रवेश नाही. आणि कोणी कोणतं पान कधी उघडलं याची नोंद अशी असावी की ती कोणालाच पुसता येऊ नये, आपल्या वरिष्ठांनाही नाही.

याची दुसरी बाजूही ऐका, कारण ती आपल्याला गैरसोयीची आहे. फौजदारी खटल्यांतल्या उणिवांबाबत 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने जे निर्देश दिले, त्यांत तपास अधिकाऱ्याने ज्या जबाबांवर आणि कागदांवर विसंबलेलं नाही त्यांची यादीही आरोपीला द्यावी असं म्हटलं आहे. कागदाच्या जमान्यात असा एखादा जबाब केस डायरीच्या तळाशी राहायचा आणि आपल्यालाही ठाऊक नसायचा. सामायिक यंत्रणेत तो अपलोड झालेला असणार. मग ‘आम्हाला माहीत नव्हतं’ असं म्हणता येणार नाही. काही सहकाऱ्यांना याचीच धास्ती वाटते. मला विचाराल तर सॉफ्टवेअर घ्यायला हे एकच कारणही पुरेसं आहे.

व्हिडिओ आणि पेन ड्राइव्हबद्दल थोडक्यात. झडती-जप्तीचं चित्रीकरण आता नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 105 प्रमाणे करायचं आहे, आणि साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 च्या प्रमाणपत्रात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलचा डिजिटल ठसा, लिहायची आहे. पोलीस ठाण्यातून फाइल अपलोड होतानाच हॅश निघाली आणि प्रमाणपत्राला जोडली गेली, तर दोन वर्षांनी कोर्टात त्यावर वाद घालायला जागा कमी उरेल. बाकी तपशील तंत्रज्ञांवर सोडू.

आता आकड्यांचा मोह. सगळं एका जागी आलं की कोणीतरी दोषसिद्धीच्या टक्केवारीचा तक्ता काढणारच, आणि कार्यालयांना पहिला-दुसरा नंबर देणारच. मारहाणीचं प्रकरण तडजोडीने मिटलं, दोन्ही पक्ष समाधानाने घरी गेले, तरी कायद्याने तो निकाल निर्दोष सुटकेचाच. उलट किरकोळ खटल्यांत आरोपी पहिल्याच तारखेला गुन्हा कबूल करून दंड भरतात, आणि टक्केवारी फुगते. म्हणजे किचकट सेशन ट्रायल चालवणारा नापास आणि दंडाच्या पावत्या मोजणारा पहिला. यापेक्षा 2014 च्या गुजरात राज्य विरुद्ध किशनभाई या निकालात जे सांगितलं ते मोजा. प्रत्येक निर्दोष सुटकेची पोलीस आणि अभियोग खात्याच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या समितीने तपासणी करावी आणि अपयशाचं कारण नोंदवावं, असं तिथे म्हटलंय. त्यासाठी यंत्रात कारणांचा रकाना हवा: साक्षीदार फितूर, पंच गैरहजर, अहवाल उशिरा, तपासातली त्रुटी, आणि हो, अभियोगाची त्रुटीसुद्धा. एका तालुक्यातून तेच कारण वर्षभर येत राहिलं, तर दुरुस्ती कुठे करायची हे टक्केवारीपेक्षा जास्त स्पष्ट दिसेल.

राहिली अंमलबजावणी. एकच माहिती दोनदा भरावी लागली तर कोणी भरणार नाही. पुढची तारीख न्यायालयाच्या प्रणालीतून आली पाहिजे, एफआयआर सीसीटीएनएसमधून. आपण टंकायचं ते फक्त आपलं मत. ज्या दिवशी सॉफ्टवेअर सुरू होईल, त्या दिवसापासून एकेक हस्तलिखित रजिस्टर बंद होईल असा लेखी आदेश हवा, नाहीतर दोन्ही चालतात आणि दोन्ही अर्धवट राहतात. प्रशिक्षण द्यायचं तर सरकारी वकिलाबरोबर त्याच्या कारकुनाला आणि पैरवी हवालदारालाही एकत्र बसवा, कारण फाइल या तिघांच्या हातून फिरते.

आणि सुरुवात जुन्या निकाली बस्त्यांच्या स्कॅनिंगने करू नका. कंत्राटाला ते सोयीचं असतं, पानं मोजून बिल निघतं, म्हणून सगळ्यांत आधी तेच सुचवलं जातं. आधी येत्या दोन महिन्यांत ज्यांत साक्षी नोंदवायच्या आहेत ते खटले घ्या, त्यानंतर आरोपी तुरुंगात असलेले प्रलंबित खटले. निकाली बस्ते कपाटात बसलेत, त्यांना तारीख नाही.