जुनी एसएल घेताना: दाबातल्या तेलाचा हिशेब

नमस्कार, न्यू जर्सीकर मंडळी. उन्हाळा तोंडावर आला की ओळखीतल्या कोणाचा तरी फोन येतोच. "मर्सिडीजची एसएल ५०० मिळतेय, १२-१३ हजार डॉलर म्हणतोय, टप उघडतो, गाडी चकाचक आहे. घेऊ का?" तेव्हा आज बाकीच्या गाड्या बाजूला ठेवतो आणि छत घडी होऊन उघडणाऱ्या या दोन सीटच्या गाडीबद्दलच बोलतो. कंपनी जिला आर २३० म्हणते ती पिढी, २००१ ते २०११ या काळात बनलेली.

अमेरिकेत ती २००३चं मॉडेल म्हणून आली, तेव्हा शोरूममध्ये ८५ हजार डॉलरच्या पुढे किंमत होती. आज ती सहा-सात पटींनी उतरली आहे. उतरली ती गाडीची किंमत. स्पेअर पार्ट आणि लेबर उतरलेलं नाही, उलट चढलंय. पार्टच्या काउंटरवर तुम्ही १२ हजारांच्या गाडीचे मालक नसता, ८५ हजारांच्या गाडीचे असता. खिशात १२ हजार आहेत म्हणून १२ हजारांची एसएल घेणाऱ्याला मी सरळ नको म्हणतो. ९ हजारांच्या गाडीचे सर्व्हिसचे कागद नाहीत आणि १८ हजारांच्या गाडीचे चोख आहेत, असं असेल तर थांबा, पैसे साठवा आणि दुसरी घ्या.

सगळ्यांना धास्ती असते इंजिनाची, आणि तिथेच ही गाडी सर्वांत भक्कम आहे. सुरुवातीच्या एसएल ५००मधलं ५ लिटरचं व्ही-८, म्हणजे एम ११३, वेळेवर ऑइल मिळालं तर दोन लाख मैल सहज जातं. व्हॉल्व्ह कव्हरच्या गॅस्केटमधून ऑइल पाझरतं, क्रँक सेन्सर गरम झाला की दगा देतो, आणि एका सिलिंडरला दोन याप्रमाणे १६ स्पार्क प्लग लागतात, एवढं धरून चाला. २००७ मॉडेलपासून एसएल ५५० आली. तिच्या एम २७३ इंजिनाच्या सुरुवातीच्या काही खेपांमध्ये टायमिंग चेनचं एक दातेरी चाक लवकर झिजतं. त्या कामाला हजारो डॉलर लागतात, म्हणून ५५० बघत असाल तर इंजिन नंबर तपासून घ्या. इंजिनाचं एवढं पुरे.

या गाडीचा खरा खर्च दाबातल्या तेलात आहे. ब्रेक, सस्पेन्शन आणि टप, तिन्ही गोष्टी पंप, व्हॉल्व्ह, होज (तेलाच्या रबरी नळ्या) आणि सील यांवर चालतात. वीस वर्षांत लोखंड झिजत नाही एवढं रबर झिजतं.

ब्रेकपासून सुरू करू. यातल्या यंत्रणेला एसबीसी म्हणतात. तुम्ही पेडल दाबता तेव्हा एरवी पायाचा जोर थेट कॅलिपरपर्यंत, म्हणजे चाकावर ब्रेक आवळणाऱ्या भागापर्यंत, पोचत नाही. किती दाब द्यायचा हे कॉम्प्युटर ठरवतो, आणि इलेक्ट्रिक पंपाने आधीच भरून ठेवलेलं प्रेशर चाकांकडे सोडतो. गाडीचं दार उघडलंत की पुढून घुर्र असा आवाज येतो, तो हाच पंप. म्हणून एक गोष्ट कळकळीने सांगतो: या गाडीचे ब्रेक पॅड घरी बदलायला जाऊ नका. यंत्रणा बंद केल्याशिवाय कॅलिपरला हात लावला आणि तेवढ्यात कोणी दार उघडलं, तर पिस्टन दाणकन पुढे येतात. बोट चिरडतं. यंत्रणा बंद पडली तर ब्रेक फक्त पुढच्या चाकांना लागतात, पेडल खूप खोल जातं आणि दगडासारखं जड होतं. २००४ आणि २००५ साली कंपनीने जगभरातून लाखो गाड्या यासाठी परत बोलावल्या. एसबीसीच्या युनिटमध्ये ब्रेक किती वेळा दाबला याची मोजणी होते, आणि आकडा ३ लाखांच्या आसपास गेला की ते युनिट बदला म्हणून सूचना देतं. अमेरिकेत कंपनीने या युनिटची वॉरंटी पुढे २५ वर्षांपर्यंत वाढवली. ती तुमच्या गाडीला लागू आहे का आणि युनिट आधी बदललंय का, हे व्हिन नंबर (चासी नंबर) देऊन डीलरकडे विचारा. गाडीचे पैसे द्यायच्या आधी विचारा. एका फोनमध्ये २ हजार डॉलरचा प्रश्न सुटतो.

आता सस्पेन्शन, म्हणजे एबीसी. यावर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण लोक खचतात ते इथे. प्रत्येक चाकाच्या स्प्रिंगवर एक हायड्रॉलिक सिलिंडर बसवलाय. वळणावर गाडी कलायला लागली की कॉम्प्युटर त्या बाजूला तेल दाबून तिला सपाट धरतो. दाब २०० बारच्या घरात असतो. हे इतकं छान चालतं की गाडीला अँटी-रोल बार, म्हणजे वळणावर झुकू न देणाऱ्या दांड्या, दिलेल्याच नाहीत. ज्यांनी ही गाडी घाटातल्या वळणांवर चालवली आहे त्यांना मी काय म्हणतोय ते कळेल. एवढ्या वजनाची गाडी अशी वळते यावर विश्वास बसत नाही.

आणि ही एबीसी बिघडते कशी? या तेलाच्या वाटेवर नायट्रोजन भरलेले गोळे असतात, अ‍ॅक्युम्युलेटर. आत रबराचा पडदा असतो आणि दाबाचे धक्के तो पोटात घेतो. पडदा फाटला की धक्के सरळ होजवर बसतात. गाडी थोडी कडक वाटते, मालक टायरला दोष देतो आणि चालवत राहतो. मग एक दिवस होज फुटते. तेल रस्त्यावर जातं, पंप कोरडा फिरतो, त्याचा धातूचा चुरा व्हॉल्व्हमध्ये शिरतो. काहीशे डॉलरच्या गोळ्याचं काम होतं, त्याचे ४-५ हजार झाले. पंप स्टिअरिंगच्या पंपाला जोडलेला असतो, त्यामुळे बदलायचा तर दोन्ही एकत्र. एक नवा ओरिजिनल स्ट्रट, म्हणजे चाकावरचा स्प्रिंग आणि सिलिंडरचा जोड, हजार डॉलरच्या वर जातो, आणि असे चार आहेत.

म्हणून गाडी बघायला जाताना मालकाला सांगा, रात्रभर हलवू नका आणि मी येईपर्यंत सुरू करू नका. सकाळी चाकाच्या वरच्या कमानीत बोटं घालून चारही बाजूंचं अंतर बघा. एक कोपरा बसला असेल तर चाकांकडे तेल सोडणाऱ्या व्हॉल्व्ह ब्लॉकचे सील गळताहेत. मग बॉनेट उघडून एबीसीच्या तेलाची दांडी पुसा. नवं तेल हिरवं असतं. तपकिरी-काळं निघालं तर ते कोणी कधी बदललेलंच नाही. १०-१२ लिटर तेल आणि एक फिल्टर, कामाच्या मानाने खर्च किरकोळ, पण जाणकार मेकॅनिककडूनच करून घ्या. तो डायग्नोस्टिक मशीन लावून गाडी वर-खाली नाचवतो, म्हणजे कोपऱ्यातलं घाण तेलही बाहेर येतं. आपल्याकडे न्यू जर्सीत रस्त्यावर मीठ टाकतात, त्याने खालचे लोखंडी पाइप गंजतात. गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय ते दिसत नाहीत. फ्लोरिडाची गाडी थोडी महाग पडली तरी घ्या.

काही जण एबीसी काढून साध्या स्प्रिंगा बसवतात. खर्च वाचतो, खरं आहे. पण अँटी-रोल बार मुळातच नाहीत, त्यामुळे गाडी वळणावर झुकते. मला हे पटत नाही. त्यापेक्षा दुसरी गाडी घ्यावी.

टपाबद्दल थोडं. १६ सेकंदांत पत्र्याचं छत घडी होऊन डिकीत जातं. ते अडलं तर घाबरू नका. पुष्कळदा सामान झाकायचा पडदा नीट अडकवलेला नसतो, एवढंच कारण असतं. खरा शत्रू पाणी आहे. टपाच्या कडेच्या पन्हळी पानांनी तुंबतात, टेललाइटची रबरं आकसतात आणि पाणी डिकीत उतरतं. उजवीकडचा गालिचा उचलून खालच्या फोमवर हात दाबा. ओल लागली, कुबट वास आला, तर तिथला सेंट्रल लॉकिंगचा पंप लवकरच जाणार. टपाचे सिलिंडर गळत असतील तर नवे घेऊ नका. जुने काढून सील बदलून देणारे लोक अमेरिकेत आहेत, निम्म्याहून कमी खर्चात होतं.

मागून कोणीतरी विचारताहेत की ही गाडी पुढे पुण्याला नेता येईल का. नाही. भारतात जुनी गाडी आणायची तर ती तीन वर्षांपेक्षा जुनी नको आणि स्टिअरिंग उजवीकडे हवं. ही दोन्हींत बसत नाही.

आणि काकू, तुमचा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, हायवेवर दिवा लागला तर काय करायचं. पांढऱ्या अक्षरांत एबीसीसाठी वर्कशॉपला जा असं आलं, तर हळू चालवत घरी या आणि एबीसीच्या तेलाची पातळी बघा. लाल अक्षरांत "स्टॉप, कार टू लो" आलं, तर पुढचा एक्झिट बघत बसू नका. शोल्डरला घ्या, इंजिन बंद करा, कारण ते चालू आहे तोवर पंप कोरडा फिरतोय. टोइंगवाल्याला फोन करून फ्लॅटबेडच, म्हणजे अख्खी गाडी पाठीवर घेणारा ट्रकच, मागा. तोवर गाडी टायरवर बसलेली असेल, म्हणून ती लांब उताराच्या फळीवरून चढवायला सांगा, नाहीतर पुढचा बंपर तुटतो.