आधी रेघ, मग दिवाण

श्रोतेहो, नमस्कार.

घर आहे तेवढंच ठेवून ते मोकळं कसं वाटेल, याबद्दल आज बोलायचंय. दोन खोल्या आणि स्वयंपाकघर, एवढ्यात आपल्यातल्या कितीतरी जणांचा संसार चालतो. त्यातलं एखादं घर असं असतं, की आत गेल्यागेल्या मांडी घालून बसावंसं वाटतं. आणि तेवढ्याच जागेच्या शेजारच्या घरात पाहुणा चप्पल काढून दारातच उभा राहतो, पाय कुठे ठेवू म्हणून बघत.

मला यातलं जे काही कळलं, ते माझ्या आत्यामुळे. तिचीच गोष्ट सांगते.

आत्या सांगलीत गावभागात राहते. खालचा मजला, जुनं बांधकाम, शहाबादी फरशी, खिडक्यांना लाकडी झडपा. कृष्णेचं पाणी या भागाला नवीन नाही. आयर्विन पुलाजवळ पाणी ४० फुटांवर गेलं की इशारा, ४५ ला धोका, हे तिथल्या पोरासोरांनासुद्धा पाठ असतं. २००५ चा पूर आत्यानं बघितला होता. म्हणून २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी चढायला लागलं, तेव्हा तिनं २००५ ची खूण धरून सामान उचललं. धान्याचे डबे माळ्यावर, गाद्या दिवाणावर, गाद्यांवर शिलाई मशीन. पण त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्याही वर गेलं. आत्या आणि माझा आतेभाऊ कागदपत्रांची पिशवी तेवढी घेऊन आमच्याकडे विश्रामबागला आले.

पाणी उतरल्यावर आम्ही गेलो. दार ढकललं तरी उघडेना, आतून गाळ बसला होता. ज्यांच्या घरात पूर शिरलाय, त्यांना तो वास सांगायला नको. प्लायवूडचा दिवाण फुगून चारी बाजूंनी उकलला होता. त्याच्या पोटातून काय काय निघालं! सहा गोधड्या, आतेभावाची आठवीची पुस्तकं, एक बिघडलेला मिक्सर आणि आहेरात आलेले तीन डिनर सेट. एकाच्याही खोक्याची चिकटपट्टी काढलेली नव्हती.

इथं मला एक बोलायचंच आहे. लग्नात डिनर सेट देऊ नका हो. भिंतीवरची घड्याळं देऊ नका, शोभेच्या मूर्ती देऊ नका. देणाऱ्याचे पैसे जातात आणि घेणाऱ्याची जागा जाते. पाकिटात जमेल तेवढं घाला, नाहीतर नुसते जेवायला या आणि तोंडभरून आशीर्वाद द्या. त्या डिनर सेटनी आत्याच्या दिवाणात कित्येक वर्षं जागा अडवली आणि शेवटी गाळानं भरून बाहेर पडले.

तर, सगळं बाहेर काढलं. ट्रॉली भरून गेलं. लोखंडी कपाट आम्ही तिघांनी आडवं करून ओढलं, आणि त्याच्या मागे भिंतीत खिडकी निघाली. तिथं खिडकी आहे हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे ते विसरले होते. आत्याच्या लग्नात कपाट आलं, दुसरीकडे बसेना म्हणून तिथं लावलं, ते तिथंच राहिलं. झडप घट्ट बसली होती. बिजागऱ्यांवर तेल सोडलं, धुणं बडवायच्या धोपाटण्यानं खालून दोन ठोके दिले, तेव्हा ती उघडली. उत्तरेची खिडकी. ऊन येत नाही, पण दिवसभर एकसारखा उजेड. ओल्या फरशीवर तो उजेड पसरला, आणि आत्या खराटा हातात धरून मधोमध उभी राहिली. म्हणाली, "अगं, ही खोली एवढी होती?"

१० बाय १२ ची खोली. होती तेवढीच होती.

पुरात भिजलेल्या भिंती लवकर वाळत नाहीत. वाळल्या, चुना दिला, मग सामान आणायची वेळ आली. आतेभाऊ दुकानात जाऊन नवा दिवाण पसंत करून आला. ६ फूट लांब, ४ फूट रुंद, खाली कप्पे, अगदी जुन्यासारखा. आत्या म्हणाली, "थांब. आधी मला त्याची जागा बघू दे." आणि तिनं रांगोळीचा डबा घेतला.

टेप लावून तिनं फरशीवर दिवाणाचा चौकोन काढला. जुना होता त्याच जागी. मग कपाटाचा काढला, पण या वेळी दाराजवळच्या कोपऱ्यात, आणि कपाटाचं दार उघडायला लागेल तेवढी जागा पुढे धरून. मग टेबलाचा. घरात सगळ्यांना सांगितलं, दोन दिवस या खोलीत केरसुणी लागणार नाही. रोजच्यासारखं वावरायचं. मोरीतून बादली आणायची, मागच्या दारी धुणं वाळत घालायचं, ताटं आणायची, न्यायची. रांगोळीकडे बघून चालायचं नाही.

तिसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेले. कपाटाचा चौकोन जसाच्या तसा होता. टेबलाचा एक कोपरा विस्कटला होता. आणि दिवाणाचा अर्धा चौकोन पुसून गेला होता. मागच्या दारापासून स्वयंपाकघरापर्यंत फरशीवर पायवाट उमटली होती, शेताच्या कडेनं उमटते तशी. उंबऱ्यापर्यंत पांढरी पावलं गेलेली. आत्या म्हणाली, "बघ. इतकी वर्षं भरली बादली घेऊन मी या दिवाणाला वळसा घालत होते."

दिवाण रद्द झाला. त्याऐवजी अडीच फूट रुंदीचा, लोखंडी पायांचा पलंग आला आणि भिंतीला लागला. त्याच्या खालून भिंतीपर्यंत फरशी दिसते. खिडकी मोकळी राहिली ती आजपर्यंत.

श्रोतेहो, एवढं लक्षात ठेवा. आधी रेघ, मग सामान. पुन्हा सांगते, आधी रेघ, मग सामान. खडूपेक्षा रांगोळी बरी, कारण ती पायानं पुसली जाते. जिथली रेघ पुसली, ती घराची वाट. वाटेवर काही ठेवायचं नाही, साधं स्टूलसुद्धा नाही. माणसाला बादली घेऊन सरळ चालता आलं की तीच खोली मोठी वाटते.

एक साधा हिशोब करा. १० बाय १२ म्हणजे १२० चौरस फूट. ६ बाय ४ चा दिवाण २४ चौरस फूट घेतो. खोलीचा पाचवा हिस्सा एका दिवाणानं गेला! तोच अडीच फुटी पलंग १५ चौरस फुटांत बसतो, आणि त्याच्या पायांखालची फरशी डोळ्याला मिळते ती वेगळीच. डोळा फरशी मोजतो. फरशी जितकी लांबवर दिसेल तितकं घर लांब वाटतं. जमिनीला टेकलेली वस्तू कमी, पायांवरची किंवा भिंतीवरची जास्त, असं करा.

भिंतीचंही तेच. दारं-खिडक्या साधारण ७ फुटांवर संपतात, छत १० फुटांवर असतं. मधल्या ३ फुटांत चांगली भक्कम फळी बसते. वर्षातून एकदा लागणारं, म्हणजे चकलीचा सोऱ्या, गौरीची आरास, मोठी पातेली, तिथं जाऊ द्या. कमरेपासून डोळ्यापर्यंतच्या भिंतीवर मात्र गर्दी नको. पडद्याचा दांडा खिडकीच्या चौकटीला न लावता छताजवळ लावा. रंग फिका, आणि आरसा असेल तर खिडकीच्या समोर. एवढं पुरे.

आणि खुंटी! आपल्या जुन्या घरांत खुंट्या होत्या, कोनाडे होते, फडताळ भिंतीच्या आतच असायचं. जाड भिंतीतली जागा वापरली जायची, खोलीची नाही. आता भिंती पातळ झाल्या, कोनाडे जमणार नाहीत, पण खुंटीला काय अडचण आहे? दारामागे चार खुंट्या ठोका, खुर्चीवरचे कपडे उतरतील. बाल्कनी काचा लावून बंद करण्यालाही माझा विरोध आहे. मोकळी होती ती जागा आणि उजेड, दोन्ही जातात, आणि वर्षभरात तिथं रद्दी साठते.

साठवणीवरून हरिपूर आठवलं. कृष्णा-वारणेच्या संगमावरचं आपलं हरिपूर. तिथली हळदीची पेवं पाहिली आहेत ना? तोंड माणूस उतरेल एवढंच आणि जमिनीखाली पोट हे मोठं. वर्षानुवर्षं हळद आत राहायची, कीड लागायची नाही. पेव उघडलं की आत हवा खेळू द्यायची, तोवर कुणी उतरायचं नाही. २००५ च्या पुरात पाणी शिरून त्यातली कितीतरी पेवं निकामी झाली, आणि पुन्हा खणून लिंपणारी माणसं आता विरळ. मला याचं फार वाईट वाटतं. इतकी मोठी साठवण, पण वर चालणाऱ्याच्या पायात काही येत नसे.

आत्याकडे परत येते. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी चढलं. आतेभावाचा सकाळी फोन आला, मी हाताशी माणूस घेऊन निघाले. पोचले तर खोली रिकामी. पलंगाचे पाय सोडवून तोही वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे नेलेला, गाद्या, डबे, मशीन सगळं वर. आत्या उत्तरेच्या खिडकीची झडप लावून घेत होती. मला बघून म्हणाली, "दीड तासात झालं गं. चल, आता तुझ्याकडे चहा घेऊ."

नमस्कार.