कासवाचे पेलेट: भिजवायचे कसे, घालायचे किती

(दृश्य: जळगाव, एप्रिल महिना, सकाळचे साडेसहा. अंगणातल्या शहाबादी फरशीवर ओलं गवत पसरलेलं. सुलकाटा या जमिनीवर राहणाऱ्या आफ्रिकी जातीचं कासव सावकाश चालत फरशीकडे येतं.)

मराठीत विहिरीत पोहणारं तेही कासव आणि जमिनीवर चालणारं तेही कासवच. शब्द एकच असल्यामुळे पहिली चूक दुकानातच होते. ‘कासवाचं खाणं द्या’ म्हटलं की समोर बहुतेक वेळा पाण्यावर तरंगणाऱ्या काड्यांचा डबा येतो. तो पाणकासवासाठी केलेला असतो. त्यात मासळीची पूड असते आणि प्रथिनं तीस ते चाळीस टक्क्यांच्या घरात जातात. पाणकासव किडे-मासे खातं, त्याला ते पचतं. जमिनीवरचं कासव गवत खाणारा जीव आहे. त्याला हा डबा महिनोन्‌महिने घातला तर मूत्रपिंडं थकतात.

त्यामागचं कारण समजून घेण्यासारखं आहे. शरीरात प्रथिनं वापरली गेली की उरलेला नायट्रोजन बाहेर टाकावा लागतो. आपण तो लघवीतल्या युरियावाटे टाकतो. कोरड्या प्रदेशातलं कासव पाणी वाचवतं आणि तोच नायट्रोजन युरिक अॅसिडच्या रूपात, पांढऱ्या लगद्यासारखा बाहेर टाकतं. प्रथिनं जास्त आणि पाणी कमी झालं की हा लगदा घट्ट होतो, मग रवाळ होतो, आणि पुढे मूत्राशयात त्याचा खडा बनतो. खान्देशातल्या उन्हाळ्यात हवाच इतकी कोरडी असते की पाण्याचा हिशोब आधीच तोट्यात चाललेला असतो. म्हणून इथे पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या कोरड्या खाद्याच्या गोळ्या, खाऊ घालणं म्हणजे निम्मं काम पाण्याचं.

(दृश्य: पिशवीवरचा मजकूर, जवळून.)

पिशवी विकत घेताना पुढचं चित्र पाहू नका, मागचा तक्ता वाचा. जमिनीवरच्या कासवाच्या पेलेटमध्ये प्रथिनं साधारण दहा ते पंधरा टक्के असावीत. चोथा, म्हणजे क्रूड फायबर, अठरा टक्क्यांच्या खाली नको. वीस-पंचवीस असेल तर उत्तम. स्निग्धांश तीन ते पाच टक्के पुरे. कॅल्शियम फॉस्फरसच्या निदान दुप्पट हवं. घटकांच्या यादीत पहिलं नाव वाळलेल्या गवताचं असेल तर पिशवी ठेवा. पहिलंच नाव मका, सोयाबीन किंवा मासळीचं असेल तर परत करा.

इथल्या गोठ्यात सहज सापडणारी गोळी पेंड हा याला पर्याय नाही. गुरांच्या काही खाद्यांत युरिया मिसळलेला असतो. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटातले जिवाणू त्याचं प्रथिन करतात, कासवाला तो त्रासच देतो. सरकीची पेंडही नको. तिच्यात गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं आणि प्रथिनंही भरपूर असतात. भाकरी, पोळी, भात, मुरमुरे यांत पिष्टच जास्त. त्यानं गवत पचवणाऱ्या आतड्यातलं काम बिघडतं.

(दृश्य: स्वयंपाकघरातला डिजिटल काटा, स्टीलची वाटी, कोमट पाणी.)

आता भिजवण्याकडे वळू. पेलेट आधी कोरडे मोजायचे, कारण भिजल्यावर ते दुपटीच्या आसपास फुगतात आणि अंदाज चुकतो. अर्ध्या किलोच्या पिल्लाला एका वेळी चार ते पाच ग्रॅम, किलोभराच्या कासवाला आठ ते दहा ग्रॅम, आणि हे आठवड्यातून दोनदाच. दहा किलोच्या कासवाला आठवड्यातून एकदा पन्नास-साठ ग्रॅम पुरतात. त्याहून मोठ्या, पूर्ण वाढलेल्या सुलकाटाला गवत मुबलक असेल तर पेलेटची गरजच नसते. मे महिन्यात हिरवं काही मिळेनासं झालं की मूठभर घालावेत.

दहा ग्रॅम पेलेटला पंधरा ते वीस मिलिलिटर कोमट पाणी घ्यायचं. कोमट म्हणजे मनगटाच्या आतल्या बाजूवर थेंब टाकला तर चटका बसू नये इतकंच. उकळतं पाणी घातलं की पेलेट बाहेरून चिखल होतो, आत मात्र खडा राहतो, आणि उष्णतेनं नासणारी जीवनसत्त्वंही जातात. पंधरा मिनिटं झाकून ठेवा. जाड पेलेटला वीस ते तीस. मग एक उचलून मधोमध दाबून पाहा. आत पांढरट, कोरडा गाभा दिसला तर अजून पाच मिनिटं थांबा. बोटांत स्पंजासारखा दबला की झाला. पूर्ण विरघळून लापशी झाली असेल तर पाणी जास्त पडलं आहे. अशी लापशी कासवाच्या चोचीला आणि नाकपुड्यांना चिकटते.

वाटीत उरलेलं तपकिरी पाणी फेकू नका. पेलेटमधलं बरंच काही त्यात उतरलेलं असतं. तेच पाणी पुढच्या पायरीला लागतं.

(दृश्य: वाळलेल्या गवताची बारीक कुट्टी, परातीत मिसळणारे हात.)

पायरी कुट्टीची. वाळलेलं मारवेल किंवा डोंगरी गवत कात्रीनं दोन-तीन सेंटिमीटरचं कापायचं. पिल्लासाठी एक सेंटिमीटर. तीन भाग कुट्टीत एक भाग भिजलेले पेलेट कुस्करायचे आणि उरलेलं पाणी वरून शिंपडायचं. वासानं कासव येतं, आणि एरवी नाक मुरडलेलं कोरडं गवत पेलेटबरोबर पोटात जातं. पेलेट वेगळे वाढले तर कासव ते वेचून खातं आणि गवत तिथेच राहतं. काही आठवड्यांत ते गवताकडे पाहायचंच सोडतं. असं झालं तर पेलेट पंधरा दिवस पूर्ण बंद करून फक्त गवत-पाला रोज ताजा ठेवावा. निरोगी, वजनदार कासव दोन-चार दिवस रुसून बसलं तर घाबरायचं कारण नाही. पिल्लाच्या बाबतीत मात्र इतका धीर धरू नये; त्याला पेलेटचं प्रमाण हळूहळू कमी करत गवतावर आणावं.

उलटही घडतं: काही कासवं पेलेटला तोंडच लावत नाहीत. तेव्हा जास्वंदीचं फूल किंवा तुतीचा पाला बारीक चिरून त्यात दोन पेलेट चोळावेत आणि दर वेळी एकेक वाढवत जावं.

खाणं फरशीवरच वाढायचं. शहाबादी फरशीवर चोच घासली जाते, त्यामुळे खाणं मऊ असलं तरी ती प्रमाणाबाहेर वाढत नाही. वाळूवर ओले पेलेट टाकले की प्रत्येक घासाबरोबर वाळू आतड्यात साचते. आपली काळी माती तर पावसाळ्यात त्यांना लेपासारखी चिकटते.

(दृश्य: दिवस चढतो. कासव सावलीतल्या खड्ड्यात शिरतं.)

वेळ ऋतूप्रमाणे बदलते. मे महिन्यात भुसावळ-जळगावकडे पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. तेव्हा सकाळी सातच्या आत वाढावं. साडेनऊ-दहाला कासव सावली गाठतं, आणि वाढलेले ओले पेलेट तोवर आंबायला लागलेले असतात. हिवाळ्यात नेमकं उलट. डिसेंबर-जानेवारीत धुळ्याकडे रात्री पारा दहाच्या खाली जातो. सुलकाटा आफ्रिकेतल्या साहेल पट्ट्यातलं, ते शीतनिद्रा घेत नाही. त्याचं पचन उन्हावर चालतं. गार अंगानं खाल्लेलं आतड्यात पडून सडतं, पोट फुगतं. म्हणून थंडीत दहानंतर, पाठ उन्हात तापल्यावर वाढायचं आणि पुढे चार-पाच तास ऊन मिळेल याची खात्री करायची. आभाळ भरून आलं असेल तर त्या दिवशी पेलेट नकोत.

ऊन दुसऱ्या कामासाठीही हवं. पेलेटमध्ये कितीही कॅल्शियम असलं तरी ड जीवनसत्त्वाशिवाय ते हाडात जात नाही, आणि ते जीवनसत्त्व थेट उन्हातल्या यूव्हीबी (अतिनील) किरणांनी कातडीत तयार होतं. खिडकीची काच हे किरण अडवते. काचेआडचं ऊन फक्त गरम करतं. कवच दाबल्यावर लवत असेल तर पेलेट वाढवून ते सुधारणार नाही, प्राण्यांच्या डॉक्टरांकडेच न्यावं लागेल. फरशीजवळ कॅल्शियमसाठी समुद्रफेनाचा तुकडा कायम ठेवावा. काष्ठौषधींच्या दुकानात तो मिळतो. गरज वाटली की कासव स्वतः कुरतडतं.

पेलेटनं पाठीवर उंचवटे येतात असं सर्रास ऐकू येतं. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सुलकाटाची पिल्लं वेगवेगळ्या आर्द्रतेत आणि वेगवेगळ्या प्रमाणातल्या प्रथिनांवर वाढवली गेली. कोरड्या हवेतल्या पिल्लांचे उंचवटे जास्त होते. प्रथिनांचा परिणाम अगदी थोडा दिसला. खान्देशात पिल्लू वाढवणाऱ्यानं हे मनावर घ्यायला हवं. आठवड्यातून तीन-चार वेळा कोमट पाण्याच्या उथळ टबात पंधरा-वीस मिनिटं बसवणं, लपायच्या जागेत ओलसर माती ठेवणं आणि पेलेट कधीही कोरडे न घालणं, या तिन्ही गोष्टी एकाच कामासाठी आहेत. टबातलं पाणी हनुवटीच्या खालीच हवं.

(दृश्य: शेताचा बांध. हरळी, तुती, फड्या निवडुंग.)

मुख्य जेवण इथे उगवतं. हरळी, मारवेल, तुतीचा पाला, जास्वंदीची पानं-फुलं, काटे खरवडून काढलेला फड्या निवडुंग. लसूणघास थोडा, कारण त्यात प्रथिनं जास्त. पालक आणि चुका टाळा, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला बांधून ठेवतं. गाजर गवत, रुई, कण्हेर, धोतरा, एरंड विषारी. कोवळ्या ज्वारीचा पाला गुरांनाही बाधतो, कासवालाही नकोच. कपाशीच्या बांधावरचं गवत फवारणीमुळे कापू नये. आणि रावेर-यावलची केळी कितीही गोड असली तरी सुलकाटाला फळ नको. साखरेनं आतड्यात वायू धरतो आणि जुलाब लागतात.

कायद्याचं थोडक्यात. पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं आपलं देशी तारा कासव १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं संरक्षित आहे. ते घरात ठेवणं गुन्हा आहे. कुठे आढळलं तर वन विभागाला १९२६ वर कळवा. सुलकाटासारख्या परदेशी जातींची नोंद २०२४ च्या नियमांनुसार केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर करावी लागते.

(दृश्य: वजनकाट्यावर कासव. शेजारी वही.)

वजन दर आठवड्याला, त्याच वारी, खाण्याआधी घ्या. विष्ठा गडद हिरवी-तपकिरी, बांधलेली आणि आत गवताचे धागे दिसणारी हवी. पेलेटच्या दुसऱ्या दिवशी ती पातळ झाली तर पुढच्या वेळी मात्रा निम्मी करा. पांढरा लगदा टूथपेस्टसारखा मऊ असेल तर ठीक; बोटाला वाळूसारखा लागला तर त्याच दिवसापासून टबातलं बसवणं वाढवा.

पिशवी उघडल्यावर पेलेट घट्ट झाकणाच्या कोरड्या डब्यात, ओट्यापासून लांब, गार जागी ठेवा. तीन महिन्यांत संपेल एवढंच घ्या. जूनमध्ये पाऊस लागला की ओला हात डब्यात घालू नका. वास खवट आला, कुठे पांढरी-हिरवी बुरशी दिसली, तर वरचं काढून उरलेलं वापरायचं नाही. ज्या दाण्यांवर बुरशी डोळ्यांना दिसत नाही त्यांतही तिचं विष असू शकतं. सगळा डबा टाकावा लागतो.

(दृश्य: फरशीवर उरलेले चार-दोन तुकडे. रांगेनं येणाऱ्या लाल मुंग्या.)

अर्ध्या तासानं फरशी उचलून धुवायची. उरलेलं पुन्हा वाटीत घालू नका, कासवाजवळही ठेवू नका. ओल्या पेलेटच्या वासावर लाल मुंग्या येतात आणि तिथेच विसावलेल्या कासवाच्या डोळ्यांना चावतात. उरलेलं खताच्या खड्ड्यात टाका आणि फरशी पुढच्या सकाळसाठी उन्हात वाळत ठेवा.